मामाचं लुगडं आणि मूठभर सोडा

मॉरिशसला लग्नाला निघाला असाल, तर माझं एवढं एकच ऐका. आहेराचं लुगडं धुऊन नेऊ नका. समुद्र कुठे पाहावा, काय खावं, हे सांगणारी शहाणी माणसं पुष्कळ भेटतील. लुगड्याचं मात्र माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही, कारण हा मूर्खपणा जगात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

आम्ही कोल्हापूरची माणसं. हे हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे, त्र्याऐंशीच्या जानेवारीत निवृत्त झाले. मी घर चालवते, म्हणजे खरं तर पैसे वाचवते. आमच्याकडे जुन्या चादरीची उशीची खोळ होते, खोळीचं पायपुसणं होतं आणि पायपुसण्याच्या चिंध्या स्टोव्ह पुसायला जातात. या गोष्टीचा मला चांगलाच अभिमान होता.

तर आमच्या मागच्या खोलीत लीला नावाची एक मुलगी दोन वर्षं राहून गेली. मॉरिशसची. बी.एड. करायला कोल्हापुरात आली होती. तिचे पूर्वज शंभरेक वर्षांपूर्वी कोकणातून ऊस तोडायला तिकडे गेलेले. आली तेव्हा ती माझ्या आजोळच्या म्हाताऱ्या बायकांसारखं बोलायची, आणि मध्येच असे काही शब्द टाकायची की आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो. दोन वर्षांत ती आमच्यासारखं बोलायला शिकली आणि मला उगाच काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. तिच्या आईला भाऊ नव्हता. पहिल्याच राखीपौर्णिमेला तिने आईच्या नावाने ह्यांच्या हाताला राखी बांधली, तेव्हापासून हे मामा आणि मी मामी.

निवृत्तीनंतर दोनच महिन्यांत तिचं पत्र आलं. लग्न ठरलंय, मे महिन्यात. मामाने यायलाच हवं. आणि खाली, ‘मामाचं लुगडं आजीला आपल्या मुलखातलंच हवंय. पांढरं, सुती, लाल काठाचं, नऊवारी. बाकी काही आणू नका.’

“लग्नात पांढरं?” मी म्हणाले. “चार पिढ्या झाल्या. विसरले असतील बिचारे. आपण मस्त पिवळं नेऊ.”

“मागितलंय तसं न्यावं,” हे म्हणाले. हे वाद घालत नाहीत. एक वाक्य बोलतात आणि पेन्सिलीला टोक काढायला बसतात.

निवृत्तीच्या पैशांतला मोठा घास तिकिटांनी घेतला. हत्ती गेल्यावर शेपटाला जपायचं, तसं मी उरलेल्या पैशांना जपू लागले. महाद्वार रोडवर दुकानदाराने दोन लुगडी समोर टाकली. एक इचलकरंजीचं, भारी सुताचं. दुसरं दिसायला तसंच, पण बरंच स्वस्त. “वहिनी, याला नुसती खळ आहे,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. महागाचं गळ्यात मारायला बघतोय, असं मला वाटलं. मी स्वस्तातलं घेतलं आणि त्याच्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

इथवर ठीक होतं. निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या दळवीकाकू आल्या. त्यांचा जावई एकदा लंडनला जाऊन आलेला, त्यामुळे साऱ्या जगाच्या विमानतळांबद्दल त्यांचा शब्द प्रमाण. “नवं कापड दिसलं ना, की किमतीच्या दुप्पट जकात घेतात,” त्या म्हणाल्या. “नेसलेलं-धुतलेलं असलं तर हातसुद्धा लावत नाहीत.”

लग्नातलं लुगडं मी नेसणं शक्यच नव्हतं, एवढी अक्कल मला होती. पण धुवायला काय हरकत? पाणी गरम केलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि लुगडं बदाबदा चोपलं. एका पाण्यातून काढलं आणि नळ गेला. एकदा खळबळलं तेवढंच. दोरीवर टाकलं आणि मग कळलं. खळ सगळी पाण्यात गेली होती आणि उरलं होतं ते पंच्याच्या लायकीचं कापड. हातभर आटलंही होतं. लुगड्याच्या आरपार दळवीकाकूंच्या खिडकीतला तुळशीचा डबा दिसत होता.

ह्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. “आता मात्र वापरलेलं दिसतंय,” म्हणाले. तो बाजाराच्या सुट्टीचा वार होता, आणि दुसरं घ्यायला दुकानं उघडायची वाट पाहिली असती तर मुंबईची गाडी चुकली असती.

प्लेझान्स

विमानातून खाली पाहिलं तर आधी निळं पाणी, मग पांढरी कड, आणि मग जिथवर नजर जाईल तिथवर ऊस. मी ह्यांना म्हणाले, “एवढे पैसे खर्च करून शिरोळला आलो की काय?” उसाला तुरे आले होते, रुपेरी आणि जरासे जांभळट. आमच्याकडे तुरा आला की शेतकरी कपाळाला हात लावतो, उसाचं वजन घटतं म्हणून. तिकडे लोक गाडी थांबवून तुऱ्यांसोबत फोटो काढतात.

प्लेझान्सच्या विमानतळावर जकातीच्या टेबलामागे एक गोल चष्म्याचा अधिकारी होता. त्याने आमची ट्रंक उघडली. लाडवांचा डबा, मेतकूट, ह्यांच्या रंगांच्या नळ्या, आणि वर ते लुगडं. मी जय्यत तयारीत होते. त्याने लुगडं दोन बोटांनी उचललं, उजेडाकडे धरलं, माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती. मग त्याने घडी होती तशी ठेवली आणि ट्रंकेवर खडूने फुली मारली.

“पाहिलंत?” बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हणाले. “एक पैसा द्यावा लागला नाही.” त्या दिवशी मी फार खुशीत होते.

नुव्हेल फ्रांस

लीलाचं गाव विमानतळापासून लांब नाही, पण रस्ता चढत जातो आणि हवा बदलते. मी मे महिना म्हणून सुती साड्या आणल्या होत्या. गावात शिरलो तर बारीक पाऊस आणि असा गारठा की माझे दात वाजायला लागले. शाली-स्वेटर मी वजन वाचवायला घरी ठेवले होते. आमच्या वैशाखात तिकडे हिवाळा तोंडाशी आलेला असतो, हे लीलाने पत्रात लिहिलंही होतं. ते मी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

घर काँक्रीटचं, बैठं. पूर्वी लाकडाचं होतं, वादळाने नेलं. मागे थोडा चहा, कोबी, गाजरं, आणि मांडवभर लोंबणारी हिरवी फळं, ज्यांना ते शुशू म्हणतात आणि आमच्याकडे दुधी करतो तशी भाजी करतात. शेताच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग. “हे कुणी रचले?” ह्यांनी विचारलं. “आमच्याच माणसांनी,” लीलाचे वडील म्हणाले. त्यांना सगळे बापू म्हणतात. “पयले दगड उचलले, मग ऊस लावला.” हे तिथेच वही काढून बसले आणि पावसाने कागद भिजेपर्यंत उठले नाहीत.

सकाळी सायकलवरून पाववाला येतो. मराठी घर, दारात तुळस, आणि न्याहारीला लांबट पाव, त्यात लोणी आणि मोहरीचं झणझणीत लोणचं. चहाला व्हॅनिलाचा वास. पहिल्या दिवशी मला तो चहा अत्तर टाकल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी मी दुसरा कप मागितला.

आणि आजी. लीलाच्या आईची आई. एकच मुलगी, म्हणून मुलीकडेच राहते. ऐंशीच्या पुढची, बारकी, ताठ. आम्ही दारात आलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ ह्यांच्यासमोर आली आणि त्यांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

“आलास,” ती म्हणाली. “लई उशीर केलास रं. माजी पोर पन्नास वर्सं भावाबिगर व्हती.”

हे एरवी कुणाच्या फार जवळ जात नाहीत. ते वाकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ वर आलेच नाहीत. मागे लीलाची आई पदर तोंडाला लावून उभी होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने मला देवघरात नेलं. देवांच्या शेजारी एक पितळी परात घासूनपुसून ठेवली होती. रिकामी.

“ही लुगड्याची,” ती म्हणाली. मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगते. “माजी आजी बोटीनं आली, तवा बोचक्यात एक लुगडं हुतं. तितलं, गावाकडचं. त्यात तिच्या पोरीचं लगीन लागलं, म्हंजे माज्या आयचं. मग माजं. मग सिक्लोन आला, पत्रं उडालं, पेटी उडाली. नारिएं. कायबी ऱ्हायलं न्हाय. माज्या पोरीचं लगीन बाजारच्या कापडात लागलं. ह्या नातीला तरी तितलं पायजे. मग मी जाया मोकळी.”

असं म्हणून ती हसली. तिला जायची काही घाई दिसत नव्हती. मी मात्र तिथेच जमिनीत जावं असं मला झालं. ट्रंकेत काय होतं ते मला माहीत होतं. ही बाई इतकी वर्षं ज्या कापडाची वाट पाहत होती, ते मी चार पैशांसाठी सोड्यात चोपून त्याचा पंचा केला होता.

“मामी, दाखवा ना,” लीला म्हणाली.

“शनिवारी. हळदीच्या दिवशी,” मी म्हणाले. “आमच्याकडे आधी दाखवत नाहीत.” अशी काही रीत आमच्याकडे नाही.

पोर्ट लुई

गुरुवारी आम्ही दोघं बसने पोर्ट लुईला गेलो. घरी सांगितलं, ह्यांना बंदराचं चित्र काढायचंय. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

वाटेत क्यूरपीपला बस बदलायची होती. तिथे धुकं इतकं की समोरची दुकानं शोधावी लागत होती. मी कुडकुडत होते. हे एका दुकानात शिरले आणि दोन लोकरी स्वेटर घेऊन आले. किंमत विचारली तर सांगेनात. घरी कपाटात पडलेले आमचे चार स्वेटर माझ्या डोळ्यांपुढे आले. मुकाट्याने अंगात घातला आणि पहिल्यांदा त्या देशात मला बरं वाटलं.

पोर्ट लुईला उतरलो तर घाम. स्वेटर काखेत. बंदराजवळ हे थांबले. लीलाने त्यांना तिथल्या दगडी पायऱ्यांबद्दल सांगितलं होतं. बोटीतून उतरलेली माणसं त्या पायऱ्या चढून वर यायची आणि मग मळ्यांवर वाटली जायची. “तू जाऊन ये,” हे म्हणाले. “मी इथे बसतो.”

बाजारात मी आधी पोटपूजा केली. दालपुरी नावाचा प्रकार खाल्ला. आपल्या पुरणपोळीसारखीच, पण आत तिखट डाळ आणि वर टोमॅटोचा रस्सा. विकणाऱ्याने कागदात गुंडाळून दिली आणि मी उभ्याउभ्या दोन संपवल्या. शेजारी एक चिनी म्हातारा, एक बुरखा घेतलेली बाई आणि टाय लावलेला कारकून तसेच उभे राहून खात होते. आमच्या महाद्वार रोडवर उभ्याने खाताना मी आजवर कुणाला सापडले नव्हते.

मग कापडाची दुकानं. चार पालथी घातली. पाचव्यात एक गुजराती शेठ भेटले. मुंबईत राहून आलेले, मराठी समजणारे.

“नऊवारी? सुती?” ते म्हणाले. “बेन, इथे आता कोण नेसतं? सिंथेटिक घ्या. जपानी आहे.”

त्यांनी एक पांढरी शुभ्र सहावारी पसरली. लाल काठ, काठावर बारीक जर. हातात धरली तर पाण्यासारखी निसटत होती. “चुरगळत नाही, आटत नाही,” शेठ म्हणाले. “कितीही धुवा.” त्या शेवटच्या शब्दाने मला कसंतरी झालं. किंमत ऐकून त्याहून कसंतरी झालं. तेवढ्यात महाद्वार रोडवर इचलकरंजीची भारी लुगडी अर्धा डझन आली असती. मी पदराच्या गाठीतले आणि पर्सच्या चोरकप्प्यातले पैसे एकत्र केले आणि साडी घेतली.

बंदरावर आले तर हे त्या पायऱ्यांचं चित्र काढण्यात बुडालेले. पायऱ्या सोळा होत्या आणि त्यांना सोळाही नीट काढायच्या होत्या. मी हाक मारली नाही. शेजारी बसले. उतरत्या उन्हात दगड जरा सोनेरी दिसत होते, आणि ह्यांची पेन्सिल त्यांच्यावरून हळूहळू चालली होती. अशी शांत मी गेल्या कित्येक महिन्यांत बसले नव्हते. बाराव्या पायरीशी आमची बस गेली असावी.

“देर्न्ये बिस फिन आले,” स्टँडवरचा माणूस हात झटकून म्हणाला. शेवटची बस गेली, हे सांगायला दुभाषी लागला नाही. टॅक्सी करावी लागली. टॅक्सीवाला जाडजूड, गाणी म्हणणारा. कुठे जायचं ऐकून तो मागे वळला. “नुव्हेल फ्रांस? बापूकडे? मार्याझ?” मार्याझ म्हणजे लग्न. तो बापूंना लहानपणापासून ओळखत होता. मला वाटलं, भाड्यात सूट मिळेल. भाडं त्याने पुरतं घेतलं, आणि रविवारी लग्नाला बायकोसकट जेवायला आला.

हळद

तिकडे तिथी कुठलीही असो, हळद शनिवारी आणि लग्न रविवारी. पंचांगालासुद्धा तिथे रविवारची सुट्टी मान्य आहे. अंगणात ऊस आणि केळीचे खांब उभारून मांडव घातला होता. पाच सवाष्णी दगडी पाट्यावर हळकुंडं वाटत होत्या. पाट्याला ते रोशकारी म्हणतात आणि हळदीला साफ्रां, पण वाटताना हात तसेच मागेपुढे होतात आणि गाणंही त्याच तालाचं असतं. गाण्यातले निम्मे शब्द मला कळले. उरलेले निम्मे म्हणणाऱ्या पोरींनाही कळत नसावेत, पण त्या जोरात म्हणत होत्या.

मध्ये एक मोठं घमेलं ठेवलं होतं. त्यात पाणी, आणि पाण्यात कालवलेली ती ओली हळद.

“मामा,” आजीने हाक मारली. “आण रं तुजं लुगडं.”

मी जपानी साडी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परातीत ठेवली. बायकांमध्ये “आयो, गेत सा, आला झोली” असं कौतुक उमटलं. लीलाची आई तर काठाच्या जरीवरून हात फिरवत राहिली. मी सुटकेचा श्वास घेतला.

आजीने साडी उचलली, पदराचं टोक घमेल्यात बुडवलं आणि वर काढलं.

अळूच्या पानावरून पाणी ओघळावं तशी हळद ओघळून गेली. पदर पांढरा तो पांढराच. टोकाला पुसट पिवळी रेघ तेवढी राहिली. आजीने पुन्हा बुडवला, चोळला. पुन्हा तेच.

आता मला उलगडा झाला. म्हणून पांढरं मागितलं होतं, आणि म्हणून सुती. तिकडे मामाचं लुगडं घरच्या हळदीत रंगवतात, पाच सवाष्णींच्या हाताने. आमच्याकडे पूर्वी असंच करायचे, माझ्या आजीच्या तोंडून मी ऐकलं होतं. आता आम्ही दुकानातून तयार पिवळं आणतो. विसरलो होतो ते आम्ही, आणि बिचारे म्हणत होतो त्यांना.

गाणं थांबलं. आजीने कापड दोन बोटांत धरून पाहिलं. “हे तितलं न्हाय,” ती हळू म्हणाली. रागावली नव्हती. फक्त तिचा ताठ खांदा जरासा खाली आला, आणि ते मला सहन झालं नाही.

“थांबा,” मी म्हणाले आणि धावत खोलीत गेले. ट्रंकेच्या तळातून ते लुगडं काढलं आणि सगळ्यांसमोर आजीच्या पुढ्यात ठेवलं. मग सगळं सांगितलं. स्वस्तातलं घेतलं ते, दळवीकाकू, जकात, सोडा, गेलेला नळ, पोर्ट लुई. लीला एकेक वाक्य तिकडच्या बोलीत सांगत गेली. मी मान वर केली नाही. त्यामुळे आधी कोण हसलं ते मला दिसलं नाही. पण बघता बघता अख्खा मांडव हसत होता, आणि लीला हसता हसता खाली बसली.

“मामी,” ती म्हणाली, “लग्नाच्या एका लुगड्यावर इथे कोण जकात घेतो?”

आजी एकटी हसत नव्हती. तिने लुगडं नाकाशी धरलं, आणि खूप वेळ धरून ठेवलं. आता त्याला सोड्याशिवाय कसला वास येणार? पण तिला काय येत होता कोण जाणे. “धुतलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “आमी तरी धुतलंच असतं. खळ असली तर हळद बसत न्हाय.”

आणि तिने ते घमेल्यात सोडलं.

पाचही जणींनी हात घातले. विरविरीत कापड, घटाघटा हळद प्यायलं. वर काढलं तेव्हा पिवळंधमक झालं होतं. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत ते तांबडं व्हायला लागलं. आधी मधोमध एक डाग, मग घडीघडीवर, मग पार पदरापर्यंत. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कुठल्याही धुणं धुणाऱ्या बाईला माहीत असतं. सोडा एका पाण्यात निघालेलाच नव्हता. एक नळ जरा लवकर गेला, त्याचं हे फळ.

“लिंबू आणा,” मी ओरडले. “लिंबू पिळलं की परत पिवळं होतं.” एक मुलगी उठलीही.

“पा बिझें,” आजी म्हणाली. नको. तिने ते ओलं लुगडं दोन्ही हातांनी उजेडात धरलं होतं. निम्मं पिवळं, निम्मं लाल. तिच्या मनगटांवरून लाल ओघळ कोपरापर्यंत आले होते.

“हळदीतनं कुकू आलं,” ती म्हणाली. “माज्या आयच्या लुगड्यात नव्हतं आलं. माज्यात नव्हतं. ह्या पोरीला दोनी संगट आलं.” मग तिने त्याच ओल्या बोटाने लीलाच्या आईच्या कपाळाला टिळा लावला, मग लीलाच्या, मग माझ्या. माझ्या कपाळावर तिचं बोट जरा जास्त वेळ टेकलं. आणि मग ती हसायला लागली, आणि ते असं हसणं होतं की तिला धरून बसवावं लागलं.

रविवार

लीला त्या लुगड्यात लग्नाला उभी राहिली. आटल्यामुळे काष्टा जरा तोकडा झाला आणि आत जाड परकर घालावा लागला. पण दुसऱ्या कुठल्या नवरीच्या अंगावर तसा रंग मी पाहिला नाही. ह्यांनी तिला हाताला धरून बोहल्यावर नेलं. अंतरपाटापाशी हे रडत होते आणि पाऊस येतोय असं दाखवत होते. पाऊस खरोखरच येत होता, तिथे तो कधी थांबतच नाही.

जेवायला केळीच्या पानावर पुऱ्या आणि सात भाज्या होत्या, शेवटी खीर. टॅक्सीवाल्याने तीनदा पुऱ्या मागून घेतल्या आणि मला लांबूनच हात केला.

लग्नानंतर लुगडं वाळवून परातीत ठेवलं. लीलाच्या धाकट्या बहिणीची बारी आता. “तवा मी हाय,” आजीने सांगून टाकलं. “जायाचं मग बघू.”

सहार

निघताना आजीने ती जपानी साडी घडी करून माझ्या हातात ठेवली. मामीचा मान. “तुज्या पैशाची, तुलाच,” ती म्हणाली. खोलीत ट्रंक भरताना ह्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “धुऊन घ्यायची का?” मी उशी फेकून मारली.

मुंबईला उतरलो. सहार विमानतळावर जकातीच्या अधिकाऱ्याने ट्रंक उघडली. वरच ती साडी. परदेशी साड्यांना तेव्हा आपल्याकडे किती मागणी होती ते तुम्हाला माहीत आहे, आणि जकात किती होती तेही. त्याने पदर उलगडला. टोकाला ती पुसट पिवळी रेघ होती.

“डाग दिसतोय,” तो म्हणाला. “वापरलेली आहे का?”

एका ‘हो’चं काम होतं. माझ्या पर्सच्या चोरकप्प्यात उरलं होतं ते कोल्हापूरच्या गाडीपुरतं. हे माझ्याकडे बघत होते, आणि मी काय सांगणार ते त्यांना खरोखरच माहीत नसावं.

“नाही,” मी म्हणाले. “कोरी आहे. डाग हळदीचा आहे, भाचीच्या लग्नातला.”

अधिकाऱ्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पावती लिहायला घेतली. आकडा ऐकून शेजारच्या रांगेतल्या बाईने हळहळून ‘च् च्’ केलं. हे खिशातलं पाकीट काढत होते, आणि आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं समजून हसत होते, ते मी पाहिलं.